अमेरिकेतून पुण्यात, उतारवयात: असिस्टेड लिव्हिंगसाठी परतण्याचा आराखडा

न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या सत्तरी ओलांडलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांत आता नातवंडांच्या कॉलेजाइतकाच हा विषय निघतो: हातपाय थकल्यावर राहायचं कुठे? जेनवर्थ ही विमा कंपनी आणि तिच्या केअरस्काउटच्या २०२४ च्या पाहणीत अमेरिकेतल्या असिस्टेड लिव्हिंगचा, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या निवासाचा, मध्यम खर्च वर्षाला ७०,८०० डॉलर निघाला, म्हणजे महिना ५,९०० डॉलर. रुपयांत पाच लाखांच्या घरात. नर्सिंग होममध्ये स्वतंत्र खोली घेतली तर वर्षाला १,२७,७५० डॉलर. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, हॉस्पिटलातून सुटल्यावर फार तर १०० दिवसांची कुशल शुश्रूषा देतं, तीही अटी घालून. आंघोळ घालणं, भरवणं, रात्री उठवून बाथरूमला नेणं एवढीच मदत लागत असेल तर ते त्याच्या यादीत बसत नाही. गरजूंसाठीची मेडिकेड योजना देते, पण त्यासाठी आधी जवळची पुंजी बहुतेक संपवावी लागते.

पुण्यात हीच मदत खोली, जेवण आणि माणूस धरून महिना साधारण चाळीस हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत मिळते. बिछान्याला खिळलेल्या माणसाला किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला याहून जास्त लागू शकतात. फरक मोठा आहे, खरा आहे. पण तो पदरात पडतो तो पुण्यात आपलं म्हणावं असं, आठवड्याला डोकावणारं, प्रसंगी व्यवस्थापकाशी भांडणारं कोणी असेल तरच. भाची, पुतण्या, धाकटा दीर, वर्गमैत्रीण, कोणीही चालेल. पण नाव ठरलेलं हवं आणि त्या माणसाला ते कबूल हवं. हे नाव सुचत नसेल तर पुढचं सगळं वाचण्याआधी त्यावर विचार करा.

कोणी यावं, कोणी येऊ नये

पहिलं काम गरज मोजण्याचं. आंघोळ, कपडे, शौचालय, पलंगावरून खुर्चीत उठबस, जेवण आणि लघवी-शौचावरचा ताबा या सहा गोष्टी कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे ‘स्वतः’, ‘कोणी जवळ उभं राहिलं तर’ किंवा ‘दुसऱ्याच्या हातूनच’ असं लिहा. हे काम मुलांनी करावं. आईवडिलांनी स्वतः केलं तर सगळीकडे ‘स्वतः’च येतं. सहाही गोष्टी स्वतः होत असतील तर असिस्टेड लिव्हिंग लागत नाही, ज्येष्ठांसाठीची वसाहत पुरते. दोन-तीन ठिकाणी हात लागत असेल तर यायला हीच वेळ बरी, कारण माणूस अजून विमानात बसू शकतो, नवी जागा ओळखीची करून घेऊ शकतो आणि कागदांवर समजून सही करू शकतो.

स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला असेल तर मी हा बेत सुचवणार नाही. जागा बदलली की अशा माणसाचा गोंधळ वाढतो आणि कायद्याच्या ज्या कागदांबद्दल पुढे लिहिलं आहे ते तेव्हा करताच येत नाहीत. ज्यांची सगळी मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत आणि इथे फक्त आठवणी, त्यांनीही दहादा विचार करावा. तुमच्या आठवणीतलं डेक्कन आता तिथे नाही. मेडिकेडला पात्र असलेल्यांनी तर आधी तिथल्या सल्लागाराला भेटावं, कारण देश सोडला की ते बंद होतं. एसएसआय नावाचा गरजूंचा भत्ताही देशाबाहेर ३० दिवस काढले की थांबतो.

पासपोर्टाचा हिशेब

अमेरिकी नागरिकाला ओसीआय कार्ड हवं, म्हणजे मूळच्या भारतीयांना आणि त्यांच्या जोडीदारांना मिळणारं भारत सरकारचं कार्ड. ते असलं की आजन्म व्हिसा, पोलिसांकडे नोंदणी नाही, राहता फ्लॅट विकत घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे मात्र नाहीत, मतदानही नाही. अमेरिकेत अर्ज व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत जातो. जुना भारतीय पासपोर्ट रद्द करून घेतल्याचा दाखला नसेल तर तिथेच गाडी अडते, म्हणून तो कपाटातून आजच शोधा. पन्नाशी उलटल्यावर पासपोर्ट नवा केला असेल तर त्याची प्रत आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर एकदा चढवायचे असतात; हे पुष्कळांचं राहून गेलेलं असतं. भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही, त्यामुळे जोडीदार मूळचा भारतीय नसेल तर त्याच्या ओसीआयचं काम आधी हाती घ्या.

ग्रीन कार्डावर असलेल्यांचं गणित निराळं. वर्षभराहून जास्त बाहेर राहिलात तर कार्ड गेलं असं धरलं जाऊ शकतं. निघण्याआधी रीएन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, घेतलं तर साधारण दोन वर्षं मिळतात. कायमचं परतायचं पक्कं असेल आणि पात्रता असेल तर नागरिकत्व घेऊन मगच निघावं, असं माझं मत. पंचावन्न वर्षांवरच्या आणि पंधरा वर्षं ग्रीन कार्ड असलेल्यांना इंग्रजीची परीक्षा माफ आहे, नागरिकशास्त्राची आपल्या भाषेत देता येते. आजीला हे कोणी सांगितलेलंच नसतं. उलट आय-४०७ हा फॉर्म भरून कार्ड परत करायचं असेल आणि ते शेवटच्या पंधरा वर्षांपैकी आठ वर्षं हातात असेल, तर फॉर्म ८८५४ आणि देश सोडतानाचा कर हा मोठा विषय उघडतो. शिवाय अमेरिकेत ना नागरिक ना रहिवासी अशा माणसाच्या सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनमधून, साधारणपणे २५.५ टक्के कर आधीच कापला जातो.

सोशल सिक्युरिटी येते, मेडिकेअर येत नाही

अमेरिकी नागरिकाची सोशल सिक्युरिटी भारतात राहूनही चालू राहते. ती अमेरिकेतल्या बँकखात्यातच जमा होऊ द्या. परदेशी राहणाऱ्यांना एसएसए-७१६२ नावाची प्रश्नावली टपालाने येते, कोणाला दरवर्षी, कोणाला वर्षाआड. ती भरून परत गेली नाही तर पैसे थांबतात. पुण्याचा पत्ता कळवताना पिनकोड आणि सोसायटीचं नाव नीट द्या, आणि पोस्टमनशी ओळख असलेला वॉचमन मिळाला तर भाग्यच.

मेडिकेअर भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही. त्यातला हॉस्पिटलचा भाग, पार्ट ए, बहुतेकांना फुकट असतो, तो राहू द्यावा. प्रश्न पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टर आणि बाहेरच्या उपचारांच्या भागाचा. २०२६ मध्ये त्याचा किमान हप्ता महिना २०२.९० डॉलर आहे, दोघांचे मिळून ४०५.८०. तो बंद केला आणि पुढे परत जावं लागलं तर बंद ठेवलेल्या दर पूर्ण बारा महिन्यांमागे १० टक्के दंड हप्त्यात कायमचा जोडला जातो, आणि नाव घालायची खिडकी फक्त १ जानेवारी ते ३१ मार्च उघडते. परदेशी राहत होतो ही सबब चालत नाही. पहिली दोन वर्षं पार्ट बी चालू ठेवावा, असं मी सांगते. तो हप्ता म्हणजे परतीच्या दाराचं भाडं. मन रमलं, मूळ धरलं की मग बंद करा. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज ही खासगी कंपनीची मेडिकेअर योजना असेल तर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यावर ते नाव काढतात. औषधांचा पार्ट डी परदेशात मिळतच नाही, पण परतल्यावर त्यासाठी दोन महिन्यांची वेगळी मुदत मिळते.

लाँग टर्म केअरची, म्हणजे दीर्घकाळ शुश्रूषेची, पॉलिसी वर्षानुवर्षं भरली असेल तर ती बारकाईने वाचा. अनेक पॉलिसी देशाबाहेर काहीच देत नाहीत, काही थोड्या काळापुरतं किंवा कमी दराने देतात. उत्तर कंपनीकडून लेखी घ्या, फोनवरचं नको.

कर: कधी उतरायचं

भारताचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. ऑक्टोबरनंतर उतरलात तर त्या वर्षी इथले दिवस १८२ च्या आत राहतात आणि बहुतेकांचा अनिवासी दर्जा त्या वर्षापुरता टिकतो. त्यानंतर, आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असलेल्याला साधारण दोन, क्वचित तीन वर्षं ‘निवासी पण सामान्य निवासी नाही’ हा दर्जा मिळतो. सीए लोक त्याला आरएनओआर म्हणतात. या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारतात कर लागत नाही. मात्र तो पैसा आधी अमेरिकेतल्या खात्यात पडायला हवा, थेट पुण्यातल्या नव्हे. त्यामुळे आयआरए किंवा रॉथ या निवृत्ती खात्यांमधली मोठी रक्कम काढायची असेल, शेअर विकायचे असतील, तर ते याच दोन वर्षांत. रॉथला अमेरिकेत कर नाही म्हणून इथेही नसेल असं धरून चालू नका.

नंतर जगभरचं उत्पन्न भारतात दाखवावं लागतं, परदेशी खात्यांच्या यादीसकट. दिलासा दोन ठिकाणी आहे. भारत-अमेरिका करारानुसार सोशल सिक्युरिटीवर कर लावायचा हक्क फक्त अमेरिकेचा. आणि निवृत्ती खात्यातली वाढ दरवर्षी न धरता पैसे काढताना धरायची सोय जुन्या कायद्याच्या कलम ८९ए मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदललेत, तेवढं सीएला विचारा.

अमेरिकी नागरिकाला तिथलं विवरणपत्र मरेपर्यंत भरावं लागतं. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, भरावा लागतो. आणि बँकेतला हसतमुख पोरगा म्युच्युअल फंड सुचवेल तेव्हा हात जोडून नाही म्हणा. अमेरिकी करखात्याच्या लेखी ते ‘पीएफआयसी’, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपन्या, ठरतात, फंडागणिक फॉर्म ८६२१ भरायचा, आणि कर इतका किचकट की नफ्याहून सीएची फी जास्त. साधी मुदत ठेव बरी. कायम राहायला आल्यावर अनिवासींसाठीचं एनआरई खातं तसंच ठेवता येत नाही. त्याचं निवासी खातं करा किंवा डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे तर परतलेल्यांसाठीचं परकी चलनाचं आरएफसी खातं उघडा.

अमेरिकेतला मोबाइल नंबर मात्र सोडू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि इंटरनेटवरच्या फुकट नंबरांवर अनेक बँका तो पाठवत नाहीत. स्वस्तातला, वायफायवरून चालणारा प्लॅन घ्या आणि तो पुण्यात चालतो हे आधीच्या एखाद्या भेटीत तपासून घ्या.

इथला आरोग्य विमा

१ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांना पासष्टीची वयोमर्यादा ठेवता येत नाही. पूर्वीपासूनच्या आजारांसाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं झाली आहे आणि पाच वर्षं पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. तरीही पंचाहत्तरीत मधुमेह आणि स्टेंट घेऊन गेलात तर कंपनी तपासण्या सांगेल, बिलातला ठरावीक वाटा तुमच्यावर टाकेल किंवा सरळ नाही म्हणेल. म्हणून यायच्या दोन-तीन वर्षं आधी पॉलिसी घेता आली तर थांबायची मुदत अमेरिकेतच सरते. नाहीतर मोठ्या दुखण्यापुरते पंधरा-वीस लाख रुपये मुदत ठेवीत बाजूला काढून विसरून जा. सत्तरीवरच्यांसाठीची आयुष्मान योजना ओसीआयधारकांनी हिशेबात धरू नये. आणि सांभाळणाऱ्या मावशीचा पगार, डायपर, खोलीचं भाडं कोणताच आरोग्य विमा देत नाही.

जागा निवडताना

पुण्यात ज्येष्ठांच्या वसाहतींची परंपरा जुनी. परांजपे स्कीम्सची ‘अथश्री’ बहुतेकांना माहीत असते, आशियानाची ‘उत्सव’ लवासात आहे आणि ‘आमोध’ तळेगावात. स्मृतिभ्रंश आणि पूर्णवेळ शुश्रूषेसाठी ‘एपॉक’सारख्या संस्था आहेत. शिवाय कोथरूड, वारजे, धायरी, हडपसर भागात बंगल्यांत चालणारी पंधरा-वीस खाटांची कित्येक घरगुती केंद्रं आहेत. त्यांत उत्तमही आहेत, आणि जिथे पाच मिनिटं थांबवत नाही अशीही.

आधी एक फरक ध्यानात घ्या. वसाहतीत तुम्ही फ्लॅट घेता आणि मदतीला माणूस वेगळा लावता. असिस्टेड लिव्हिंगमध्ये मदतीसकट राहण्याचे पैसे देता. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष घातले: लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल असे निदान ९०० मिलिमीटरचे दरवाजे, न घसरणारी फरशी, बाथरूममध्ये दांड्या, धोक्याची घंटा. हे निकष इमारतीचे. आत काम करणारी माणसं कशी असावीत, किती असावीत, यावर असिस्टेड लिव्हिंगसाठी अमेरिकेतल्या राज्यांसारखी परवान्याची घट्ट चौकट इथे नाही. तपासणी तुम्हालाच करावी लागते.

दिवसाची ठरवून केलेली भेट शोभेची असते. तुळशीला पाणी घातलेलं असतं, भजन चालू असतं, मॅनेजर चहा पाजतात. दुसरी भेट न सांगता, रात्री नऊच्या सुमाराला द्या, आणि एखादी रविवारी दुपारी, कारण रविवारी निम्मी माणसं सुट्टीवर असतात. दारातून आत गेल्यावर पहिला श्वास घ्या. फिनेलचा भपकाही तितकाच संशयास्पद. मग रिकाम्या खोलीतल्या बाथरूममध्ये जाऊन घंटेची दोरी ओढा आणि घड्याळ बघत उभं राहा. दोरी कमोडवर बसलेल्या माणसाच्या हाताला येते का, की स्वच्छतेच्या वेळी आड येते म्हणून वर खुंटीला गुंडाळून ठेवली आहे? जमिनीवर पडलेल्या माणसाला ती गाठता येईल का? मी पाहिलेल्या एका चकचकीत ठिकाणी ती गुंडाळलेली होती आणि घंटा तळमजल्यावरच्या बंद ऑफिसात वाजत होती.

मावशी एखाद्या आजींना पलंगावरून खुर्चीत कशा घेतात ते बघता आलं तर माहितीपत्रक वाचायची गरज उरत नाही. शिकलेली बाई आधी आजींशी बोलते, चाकांचे ब्रेक लावते, त्यांचे पाय जमिनीला टेकवते, कमरेला आधार देते आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणते. न शिकलेली दंडाला धरून ओढते. दंडावरचे निळे डाग त्यातूनच येतात.

मग विचारायचं: रात्री किती खाटांमागे किती माणसं? ती पगारी आहेत की माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून येतात? ब्यूरोची मावशी वाईट असते असं नाही, पण ती दर पंधरवड्याला बदलली तर आजींना रोज नवा हात. सिस्टर रात्री इमारतीत असते की फोनवर? पुरुषांसाठी मामा आहेत का? धिप्पाड आजोबांना उचलणं एकट्या मावशीचं काम नाही. पडझडीची नोंदवही आहे का? असेल तर बघायला मागा. वही कोरी असेल तर इथे कोणी पडत नाही असं समजू नका, लिहीत नाहीत असं समजा. आणि संध्याकाळी सहा वाजता तुमच्या पसंतीच्या हॉस्पिटलपर्यंत गाडीने स्वतः जाऊन किती वेळ लागतो ते बघा. लवासाची हवा सुंदर आहे, पण पावसाळ्यात घाटरस्ता आणि दमेकरी फुप्फुसं यांचं जमत नाही.

करारात सहा गोष्टी शोधा. अनामत किती आणि माणूस गेल्यावर किती दिवसांत परत. दरवर्षी वाढ किती टक्के. गरज वाढली तर दर कोण ठरवणार, कशावरून. हॉस्पिटलात असताना खोलीचं भाडं चालू राहणार का. डायपर, हातमोजे, फिजिओथेरपी, कपडे धुणं आत की वर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणत्या कारणांवरून ते ‘घेऊन जा’ म्हणू शकतात आणि किती दिवसांची नोटीस देऊन. रात्री ओरडणाऱ्या माणसाला पंधरा दिवसांत बाहेर काढायचं कलम असेल तर ती जागा सोडा. आजीव मोठी रक्कम एकदम भरण्याच्या योजनांपासून पहिल्या वर्षी तरी लांब राहा.

शुद्ध असताना करायचे कागद

अमेरिकेत वकिलाने ‘ड्युरेबल’, म्हणजे मन जागेवर नसतानाही चालू राहणारं, कुलमुखत्यारपत्र करून दिलेलं असतं, म्हणून मुलं निर्धास्त असतात. भारतात तो प्रकार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन जागेवर राहिलं नाही की ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच निकामी. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. यावर उपाय साधे आहेत, पण आधी करायचे: बँकखाती दोघांच्या नावावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ पद्धतीने, प्रत्येक ठेवीला नॉमिनी, असिस्टेड लिव्हिंगचा करार तिसऱ्या विश्वासू माणसाच्याही सहीने, आणि मालमत्ता मोठी असेल तर खासगी ट्रस्ट. भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं करा. त्यात ‘आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द’ हे ठरावीक वाक्य आलं तर अमेरिकेतलंही उडेल, याकडे वकिलाचं लक्ष वेधा.

व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत अशी इच्छा असेल तर इथल्या नियमाने पुन्हा लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. प्रत डॉक्टरांकडे, केंद्राच्या फाइलमध्ये आणि पुण्यातल्या त्या ठरलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये. भारतात निधन झालं तर महापालिकेच्या दाखल्यासोबत मुंबईच्या अमेरिकी वकिलातीकडून परदेशातील मृत्यूचा अहवालही घ्यावा. तिथली खाती मिटवताना तोच मागतात.

निघताना आणि पहिले महिने

तीन महिन्यांची औषधं आणि त्यांची चिठ्ठी सोबत घ्या. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, कारण दुकानदाराला अमेरिकेतला ब्रँड ठाऊक नसतो. टायलेनॉल म्हणजे इथला क्रोसिन. झोपेत लावायचं सीपॅप यंत्र बहुधा इथल्या विजेवर चालतं, घरगुती ऑक्सिजन यंत्र आणि उचलणारी खुर्ची सहसा चालत नाहीत, ती इथेच घ्या. पॅन कार्ड लगेच काढा. आधार ओसीआयधारकाला बारा महिन्यांत १८२ दिवस राहिल्यावर मिळतं, तोवर जागोजागी पासपोर्ट दाखवावा लागेल. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हे दोन नंबर पलंगाशेजारी मोठ्या अक्षरांत चिकटवा.

सुरुवातीला खोली फक्त भाड्याने, तीन महिन्यांच्या बोलीवर घ्या आणि निदान पहिले पंधरा दिवस मुलगा किंवा मुलगी पुण्यातच राहू दे. पहिल्या महिन्यात प्रत्येकजण ‘मला परत घेऊन चल’ म्हणतो. त्यावरून काही ठरवू नका. वजन बघा, पडण्याच्या नोंदी बघा, समोरच्या खोलीतल्या कोणाचं नाव फोनवर निघतं का ते ऐका. एक पावसाळा काढा.

एडिसनचं किंवा फ्रीमॉन्टचं घर घाईने विकू नका, पण अंत नसलेल्या काळासाठी धरूनही ठेवू नका. विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं तुम्ही तिथे राहिला असाल तर जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा अमेरिकेत करमुक्त आहे, एकट्याला अडीच लाख. म्हणजे निघाल्यापासून तीन वर्षांची सवड आहे. पण भारतातला आरएनओआर दर्जा त्याआधी संपू शकतो, आणि मग तोच नफा इथल्या विवरणपत्रात येतो. दोन्ही मुदतींच्या तारखा निघण्यापूर्वीच अमेरिकेतल्या आणि इथल्या सीएकडून लेखी घ्या. जी आधी संपते तिच्या सहा महिने अलीकडे घर बाजारात काढायचं.